परदेशातले सिम आणि घरचा नंबर

परदेशी जाताना कोणते प्रीपेड सिम घ्यावे, हा प्रश्न पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत घरोघरी ऐकू येतो. व्हिसाचे काम एजंटाकडे दिलेले असते, तिकिटे मुलाने काढलेली असतात, सहलीचा कार्यक्रम टूर कंपनीने छापून हातात ठेवलेला असतो; उरते ते सिम, आणि त्याची आठवण मात्र थालिपिठाची भाजणी, मेतकूट आणि सहा महिन्यांची औषधे बॅगेत बसल्यानंतर, निघण्याच्या आदल्या दिवशी होते. मी बँकेतून निवृत्त झाले असल्यामुळे आमच्या सोसायटीत असले प्रश्न आपसूक माझ्याकडे येतात. "काकू, सगळ्यांत स्वस्त कुठलं पडेल?" असे कोणी विचारले, की मी आधी उलट प्रश्न करते : तुमच्या इथल्या नंबरचे काय करणार आहात? त्याचा विचार बहुतेकांनी केलेला नसतो. माझे मत असे आहे, की परदेशातले सिम निवडणे हा या कामाचा दुसरा आणि त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. आपला भारतातला नंबर त्या काळात कुठे, कोणत्या अवस्थेत आणि कोणाच्या हातात राहणार हे ठरवणे हा पहिला आणि अवघड भाग. तो एकदा मार्गी लागला, की सिमचा प्रश्न बराचसा आपणच सुटतो.

पूर्वी असे नव्हते. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला तेव्हाचे केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलून भारतातला पहिला मोबाइल कॉल केला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षे मोबाइल हे बोलण्याचे, फार तर निरोप धाडण्याचे साधन होते. परदेशी गेलेला माणूस फोन कपाटात ठेवून जाई आणि त्यावाचून कोणाचे काही अडत नसे. आज तोच दहा आकडी नंबर बँकेच्या लेखी आपली सही झाला आहे. कार्डाने खरेदी केली, मुदत ठेव मोडली, पैसे पाठवण्यासाठी नवे नाव जोडले, की ओटीपी त्याच नंबरवर येतो. यूपीआयचे ॲप तर नुसत्या नंबरावर समाधान मानत नाही, ते सिम त्याच फोनमध्ये आहे की नाही हेही पाहते. सिम काढून दुसरे घातले, की बँकांची कित्येक ॲप नव्याने नोंदणी मागतात आणि त्या नोंदणीसाठी त्याच सिमवरून एसएमएस जावा लागतो. आयकराचे विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांच्या आत त्याची पडताळणी करावी लागते आणि आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी हा त्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यायचा असतो. मुलांकडे जाणारी मंडळी नेमकी उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत बाहेर असतात, म्हणजे ज्या महिन्यांत या नंबरची गरज जास्त, त्याच महिन्यांत तो देशाबाहेर.

यावर पुण्यातल्या घरांनी आपापल्या परीने एक तोडगा काढलेला असतो : भारतातले सिम एका जुन्या फोनमध्ये घालून तो फोन इथल्या मुलाकडे किंवा भाच्याकडे ठेवायचा आणि ओटीपी आला, की त्याने तो व्हॉट्सॲपवरून कळवायचा. ओटीपी कोणालाही सांगू नका, असे बँक रोज बजावते आणि असंख्य घरांत हीच व्यवस्था बिनबोभाट चालू असते. घरच्या माणसावर अविश्वास दाखवा असे मी म्हणणार नाही, पण ज्याच्या हाती तो फोन आहे त्याच्या हाती आपले खातेही आहे, हे समजून ही व्यवस्था करावी. त्यातही व्यवहाराला लागणारे ॲप अमेरिकेतल्या फोनवर आणि त्याचे सिम पुण्यातल्या फोनमध्ये, अशी ताटातूट झाली, की ओटीपी मिळूनही ॲप उघडत नाही ते नाहीच.

उलट दिशेची अडचणही तितकीच खरी आहे. आमच्या शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ मुलीकडे न्यू जर्सीला गेले आणि भारतातला नंबर शहाण्यासारखा सोबत चालू ठेवून गेले. घरी सून आणि नातवंडे. सकाळी साडेअकराला गॅसचा सिलिंडर आला. गाडीवाला सिलिंडर खांद्यावरून जिन्यात उतरवून म्हणाला, "ताई, कोड सांगा." कोड गेलेला सासऱ्यांच्या मोबाइलवर, आणि तिकडे वाजलेले रात्रीचे दोन. सुनेने फोन करायचा की नाही यावर जिन्यातच दोन-तीन शेजारणींची चर्चा झाली, तोवर गाडीवाला घड्याळ पाहत उभा. शेवटी फोन लावला गेला, सासरे दचकून उठले, आधी कोण आजारी आहे ते विचारून झाले आणि मग चष्मा शोधून त्यांनी कोड वाचून दाखवला. तेव्हापासून मी निघणाऱ्यांना सांगते, की गॅस, वीज आणि सोसायटीच्या फाटकाचे ॲप ही जी कामे घरी राहणाऱ्यांची आहेत, त्यांचे नंबर घरी राहणाऱ्यांच्या नावावर करून जावे. बँक, आयकर आणि आधार यांचा नंबर मात्र ज्याचा त्याने आपल्याजवळच ठेवावा.

तो सोबत ठेवायचा म्हणजे काय करायचे, हे कळण्यासाठी सिमचे काम थोडक्यात समजून घेतले पाहिजे. म्युनिकच्या गीझेके अँड डेव्हरियंट या कंपनीने १९९१ मध्ये फिनलंडच्या रेडिओलिंजा या मोबाइल कंपनीसाठी पहिली सिम तयार केली, तेव्हा ते कार्ड आजच्या डेबिट कार्डाएवढे होते. आजचे नॅनो सिम १२.३ बाय ८.८ मिलिमीटरचे आहे. आकार घटला, काम तेच राहिले. सिममध्ये एक ओळख क्रमांक असतो, त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात आणि भारताचे ते आकडे ४०४ आणि ४०५ आहेत. बँकॉकच्या विमानतळावर फोन चालू केला, की तिथला टॉवर हा क्रमांक वाचतो, पाहुणा भारतातला आहे हे ओळखतो आणि भारतातल्या कंपनीला विचारतो, की याला सेवा द्यायची का. कंपनी हो म्हणाली, की ते झाले रोमिंग. म्हणून भारतातल्या नंबरवर परदेशात एसएमएस यायला हवा असेल, तर निघण्याआधी इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्यावे लागते आणि प्रीपेड नंबर असेल तर त्याचा इथला मूळ रिचार्ज परत येईपर्यंत पुरेल असा असावा लागतो. येणाऱ्या एसएमएसला साधारणपणे पैसे पडत नाहीत. रोमिंगचा पॅक घेतलेला नसताना उचललेल्या कॉलला मात्र पडतात, आणि तो कॉल कर्ज हवे का असे विचारणाऱ्या एखाद्या मुलीचाही असू शकतो.

रोमिंगमधल्या डेटाचा प्रवास आणखी चमत्कारिक आहे. बँकॉकमध्ये बसून आपण जे काही उघडतो, त्याची मागणी सहसा आधी भारतातल्या कंपनीकडे येते आणि तिथून पुढे जाते. फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या दिसत असूनही रोमिंगचे नेट रेंगाळते, त्याचे हे एक मोठे कारण. याच गोष्टीचा चीनमध्ये फायदा होतो. तिथे गूगल आणि व्हॉट्सॲप बंद आहेत आणि तिथले स्थानिक सिम घेतले तर ती बंदी आपल्यालाही लागू होते. भारतातल्या सिमचे रोमिंग घेतले तर डेटा भारतामार्गे जात असल्यामुळे दोन्ही चालतात. एरवी स्थानिक सिमच्या बाजूने बोलणारी मी, चीनला जाणाऱ्या उद्योजकांना मात्र रोमिंग पॅकच घ्यायला सांगते.

आता फोनकडे वळू. ज्या फोनमध्ये दोन सिमची सोय आहे, त्यात भारतातले सिम पहिल्या स्लॉटमध्ये जिथल्या तिथे राहू द्यावे, त्याचे डेटा रोमिंग बंद करावे आणि परदेशातले सिम दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून डेटा त्यावर वळवावा. एका सिमचे नेट गेले की दुसऱ्याचे आपोआप वापरण्याची एक सोय काही फोनमध्ये असते, ती आठवणीने बंद करावी. स्वस्त फोनमध्ये एक गोम असते : दुसरे सिम आणि मेमरी कार्ड यांना मिळून एकच जागा असते, तेव्हा सिम बसवायचे तर फोटोंचे कार्ड बाहेर काढावे लागते, आणि हे कळते ते विमानतळाच्या काउंटरवर. ट्रे घरीच एकदा उघडून पाहिला तर हा प्रसंग टळतो. ट्रे उघडायची पिन सापडत नसेल तर स्टेपलरची पिन किंवा कानातल्याची तार चालते. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत, पाच मिनिटांत काम होते, पण तिथे जाऊन यायला अर्धा दिवस जातो, ही गोष्ट वेगळी.

ई-सिम म्हणजे कार्ड न घालता थेट फोनमध्येच उतरवता येणारे सिम; ते असलेल्या फोनला दुसऱ्या स्लॉटचीही गरज नाही. आपल्या फोनमध्ये ती सोय आहे की नाही हे पाहायचे असेल, तर *#०६# दाबावे; येणाऱ्या यादीत ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसला तर ई-सिम आहे, नाही तर नाही. प्रवाशांसाठी ई-सिम विकणाऱ्या एअरालो आणि होलाफ्लाय यांसारख्या कंपन्या गेल्या काही वर्षांत पुढे आल्या, मात्र जानेवारी २०२४ मध्ये या दोन्हींची ॲप दूरसंचार खात्याच्या सांगण्यावरून भारतातल्या ॲप स्टोअरवरून काढली गेली होती. परदेशी कंपनीचे सिम भारतात विकायचे असेल तर इथल्या खात्याचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, त्यामुळे इथून घ्यायचे तर ते कोण विकतो आहे हे पाहून घ्यावे. ई-सिमचा क्यूआर कोड घरच्या वायफायवर, निघण्याआधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा, कारण तो उतरवायला नेट लागते आणि तिथे पोहोचल्यावर नेट नसते म्हणून तर आपण तो घेतलेला असतो. कोड त्याच फोनच्या पडद्यावर असेल तर स्कॅन कसा करायचा, असा पेच अनेकांना पडतो. कागदावर छापून घेणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. यांतल्या बहुतेक ई-सिमना फोन नंबर नसतो, फक्त डेटा मिळतो, हे पैसे भरण्यापूर्वी वाचलेले बरे.

अमेरिकेतल्या मुलांनी आईवडिलांना पाठवलेल्या आयफोनची कथा निराळीच आहे. २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना सिमचा ट्रेच नसतो. पुण्यातले प्लास्टिकचे सिम त्यात कुठेच बसत नाही. ते आपल्या कंपनीकडून ई-सिममध्ये बदलून घ्यावे लागते. हे काम काही मिनिटांत होते खरे, पण सिम बदलल्यावर फसवणूक टाळण्यासाठी पहिले २४ तास त्या नंबरवरचे एसएमएस बंद ठेवले जातात. संध्याकाळी सिम बदलून त्याच रात्री मुंबई विमानतळाच्या टॅक्सीत बसलेल्या माणसाला त्या रात्रीचा एकही ओटीपी मिळत नाही, आणि नेमकी त्याच रात्री विमानतळावर कार्ड वापरायची वेळ येते. शिवाय तिकडच्या एखाद्या कंपनीकडून हप्त्यावर घेतलेला फोन तिच्याच सिमला बांधलेला असू शकतो. मुलाने प्रेमाने दिलेल्या भेटीला असे प्रश्न विचारणे आईला जड जाते, म्हणून हे विचारण्याचे काम मी माझ्याकडे घेते.

इतके झाले, की मग देशागणिक निवड. युरोपचे गणित कागदावर सर्वांत सोपे आणि प्रत्यक्षात सर्वांत फसवे आहे. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघात रोमिंगचे जादा पैसे लागत नाहीत, म्हणजे फ्रान्समध्ये घेतलेले सिम इटलीत, जर्मनीत, ऑस्ट्रियात ठरलेल्या मर्यादेपर्यंत घरच्यासारखे चालते, आणि संघात नसलेल्या नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन यांनाही हा नियम लागू आहे. स्वित्झर्लंड त्यात नाही. ब्रिटन आता त्यात नाही. आणि आपल्या मराठी माणसाची युरोप सहल म्हणजे काय असते? लंडनला उतरायचे, पॅरिस पाहायचे, मग स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राऊ आणि टिटलिस करून इटलीतून परतायचे. सहलीतला सर्वांत जास्त फोटोंचा आणि घरी सर्वांत जास्त व्हिडिओ कॉल लावण्याचा मुक्काम नेमका नियमाबाहेर पडतो. बर्फात उभे राहून नातवाला बर्फ दाखवायचा आणि पडद्यावर गोल चक्र फिरत राहायचे. म्हणून पाकिटावर ‘युरोप’ एवढे लिहिलेले पाहून सिम घेऊ नये. देशांची नावे लिहिलेली यादी मागावी आणि तीत स्वित्झर्लंड व ब्रिटन शोधावेत. आठ-दहा दिवसांच्या समूहसहलीत, जिथे दर दोन दिवसांनी देश बदलतो आणि बसमधून दुकानापाशी उतरायला कोणी वेळ देत नाही, तिथे आपल्या भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक थोडा महाग पडला तरी घ्यावा, असे मला वाटते. फक्त तो पॅक दिवसांवर चालतो की तासांवर आणि त्याची मुदत कोणत्या क्षणापासून मोजतात, एवढे बघावे. एकाच देशात राहायचे असेल तर गोष्ट निराळी. ब्रिटनमध्ये प्रीपेड सिम सुपरमार्केटात ओळखपत्राशिवाय मिळते. जर्मनीत २०१७ पासून ओळख पटवल्याशिवाय ते सुरू होत नाही.

अमेरिकेत मुलांकडे चार-सहा महिने राहणाऱ्यांनी रोमिंग पॅकच्या वाटेला जाऊच नये. तिथे मुलांच्या फॅमिली प्लॅनमध्ये आईवडिलांची एक लाइन जोडून घेणे बहुधा सर्वांत सोयीचे पडते, आणि ते जमत नसेल तर मिंट मोबाइलसारख्या कंपन्या तीन किंवा सहा महिन्यांचे पैसे एकदम घेऊन प्रीपेड सिम देतात. पण इथेही आधी फोन पाहावा. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ पर्यंत आपली थ्रीजी सेवा गुंडाळली, त्यामुळे फोरजीवरून बोलता न येणारा जुना फोन तिथे बोलण्यापुरता निरुपयोगी ठरतो. एटी अँड टी तर चालणाऱ्या फोनची स्वतःची यादीच ठेवते आणि भारतात विकले जाणारे काही चांगले फोनही त्या यादीत सापडत नाहीत. टी-मोबाइल आणि तिच्या जाळ्यावर चालणाऱ्या छोट्या कंपन्या याबाबतीत सैल आहेत, म्हणून इथून फोन घेऊन जाणाऱ्यांना मी तीच वाट सुचवते. ऑस्ट्रेलियातही टेलस्ट्रा आणि ऑप्टसने ऑक्टोबर २०२४ मध्ये थ्रीजी बंद केली. आजोबांचा आवडता जुना फोन मेलबर्नला नेण्यात अर्थ उरलेला नाही.

दुबईला जाणाऱ्यांना सांगायची गोष्ट एकच, पण महत्त्वाची. संयुक्त अरब अमिरातीत ई अँड (पूर्वीची एतिसलात) किंवा डू या कंपन्यांचे सिम पासपोर्ट दाखवून सहज मिळते, डेटा वेगाने चालतो, व्हॉट्सॲपवर लिहिता येते, फोटो जातात. व्हॉट्सॲपवरून कॉल मात्र लागत नाही. सिम खराब निघाले या समजुतीने लोक काउंटरवर भांडायला परत येतात. तिथे इंटरनेटवरून बोलण्यासाठी परवानगी असलेली बोटिमसारखी ॲप आहेत, तेव्हा घरच्यांच्या फोनमध्ये ते ॲप निघण्याआधी टाकून, एकदा बोलून पाहावे. जपानात पर्यटकाला मिळणारी सिम बहुतेक करून फक्त डेटाची असतात आणि त्यांच्यावरून तिथल्या पोलिसांचा ११० किंवा रुग्णवाहिकेचा ११९ लावता येत नाही. वयस्कर माणसांनी हे ध्यानात ठेवून भारतातले सिम रोमिंगसह चालू ठेवावे. मुक्तिनाथला जाणाऱ्यांनी नेपाळ टेलिकॉमचे सिम घ्यावे, डोंगरात त्याची रेंज जास्त मिळते. तुर्कस्तानात बाहेरून आणलेला फोन नोंदणीशिवाय तिथल्या सिमवर १२० दिवसच चालतो. सहलीला गेलेल्याला त्याची झळ लागत नाही, शिकायला गेलेल्या मुलांना लागते.

विमानतळावरचे सिम महाग, शहरातले स्वस्त, हे बहुतेक ठिकाणी खरे आहे आणि पुणेकराला ते सांगावे लागत नाही. तरीही मी विमानतळाच्याच बाजूची आहे, निदान थायलंडसारख्या देशात. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर बाहेर पडण्याच्या वाटेवर काउंटर आहेत आणि तिथल्या मुलींचे काम पाहत राहावे असे असते. पासपोर्ट उघडून त्याचा फोटो, मग आपल्या चेहऱ्याचा फोटो, एका हाताने पिन टोचून ट्रे बाहेर, नवे सिम आत, फोन बंद करून चालू, सेटिंग तपासून पडद्यावरचे नेट आपल्याला दाखवणे. आणि त्याच वेळी शेजारच्या दोन फोनकडेही तिचे लक्ष. मात्र तिचा हात सवयीने पहिल्या स्लॉटकडे जातो. भारतातले सिम ती अलगद बाहेर काढते, रिकाम्या कार्डावर चिकटपट्टीने चिकटवते आणि हसून पासपोर्टसोबत परत देते. ‘नंबर टू, नंबर टू’ असे बोटांनी दाखवून तिला वेळीच थांबवावे लागते. शहरात शंभर-दीडशे रुपये वाचतात, पण भाषा कळत नसलेल्या गल्लीत, हॉटेलचा पत्ता सांगायला नकाशा हाताशी नसताना आणि टॅक्सीवाला भलताच आकडा बोलत असताना, ती बचत पहिल्याच फेरीत निघून जाते. परदेशात सिमसाठी पासपोर्ट दाखवावा लागतो याचा ज्यांना राग येतो, त्यांनी भारतात आलेल्या परदेशी पाहुण्याला सिम मिळवून देण्याचा प्रयत्न एकदा करून पाहावा.

किती डेटा घ्यावा, यावर मात्र आपली सवय आडवी येते. भारतात आपण दिवसाला दीड-दोन जीबी असा हिशेब करतो, दिवस संपला की उरलेला डेटा गेला आणि सकाळी नवा आला. त्यामुळे महिन्याला दहा जीबी हा आकडा ऐकून लोक घाबरतात. नकाशा पाहायला, टॅक्सी बोलवायला, लिहिलेले भाषांतर करून घ्यायला डेटा फारच थोडा लागतो. तो खातात व्हिडिओ. नेटफ्लिक्सच्याच हिशेबाने साध्या दर्जाचे चित्र तासाला एक जीबीपर्यंत घेते आणि एचडी चित्र तीन जीबीपर्यंत. त्याहून गुप्त खर्च म्हणजे फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप आणि व्हॉट्सॲपच्या गटांत येणारे सुप्रभाताचे व्हिडिओ, जे आपण पाहिले नाहीत तरी फोन उतरवून ठेवतो. ते आपोआप उतरणे बंद केले आणि नकाशे हॉटेलच्या वायफायवर आधीच उतरवून घेतले, तर सहलीला गेलेल्या माणसाला दहा जीबी सहसा संपवता येत नाही. अमर्याद डेटाचे महागडे पाकीट हे अनेकदा भीतीचे पैसे असतात. जहाजाच्या सफरीला किंवा विमानात मात्र फोन फ्लाइट मोडवरच असावा, कारण समुद्रात आणि आकाशात उपग्रहावरून मिळणारी रेंज साध्या रोमिंग पॅकमध्ये बहुधा बसत नाही आणि बिल डोळे पांढरे करणारे येते.

आणखी एक काम निघण्यापूर्वी घरी बसून करण्याजोगे आहे. फोनमधले आपले बहुतेक नंबर नुसते दहा आकडी साठवलेले असतात, आणि परदेशी सिमवरून तसे लावले तर ते लागत नाहीत किंवा त्या देशातल्या भलत्याच कोणाला लागतात. आमच्याकडे एक जोडपे जाण्याआधी या कामाला बसले होते. काका चष्मा कपाळावर चढवून एकेक नाव वाचत होते, काकू शून्याचे बटण दाबून धरून अधिकचे चिन्ह आणत होत्या आणि पुढे ९१ लिहीत होत्या. डॉक्टर, मुलगा, व्याही, बँक इथवर काम झपाट्याने झाले. मग "हा कोण पाटील?" यावर गाडी अडली, आणि पाटील तीन निघाल्यामुळे चहा झाला. सगळ्यांचे नंबर बदलण्याची खरे तर गरज नसते. बँकेच्या कार्ड बंद करण्याच्या नंबरसह दहा-बारा महत्त्वाचे नंबर अशा रीतीने लिहून, त्यांची एक प्रत कागदावर पासपोर्टच्या पाकिटात ठेवली तरी पुरते, कारण फोन हरवला तर फोनमधल्या नंबरांचा उपयोग नसतो. नवे सिम घातल्यावर व्हॉट्सॲप तुमचा नंबर बदलला आहे का असे विचारेल, तिथे नाही म्हणावे. व्हॉट्सॲप भारतातल्या नंबरवर तसेच चालू राहते.

परत येताना त्या परदेशी सिमचे काय करायचे, हे कोणी विचारत नाही. पर्यटक सिम मुदत संपली की मरते आणि त्याची फिकीर करायचे कारण नाही. अमेरिकेतला सहा महिने वापरलेला नंबर मात्र या काळात कुठे कुठे लागलेला असतो : टॅक्सीच्या ॲपमध्ये, औषधांच्या दुकानात, मुलाने उघडून दिलेल्या एखाद्या खात्यात, कधी तर ईमेलचा पासवर्ड परत मिळवण्याच्या नोंदीत. नंबर बंद झाल्यावर काही महिन्यांनी कंपनी तो दुसऱ्या कोणाला देते आणि मग आपल्या खात्याचे कोड त्या अनोळखी माणसाकडे जाऊ लागतात. पुढच्या वर्षी पुन्हा जायचे पक्के असेल, तर सर्वांत कमी भाड्याच्या प्लॅनवर नंबर जिवंत ठेवावा, हा मुलांचा सल्ला मला पटत नाही. दर महिन्याला डॉलर जात राहतात आणि वर्षभराने जाणे रद्द झाले तर त्याची कोणाला आठवणही राहत नाही. त्यापेक्षा विमानात बसण्याच्या आठवड्यात मुलांना शेजारी बसवून, तो नंबर जिथे जिथे दिला आहे तिथून काढून भारतातला किंवा मुलांचा नंबर घालावा आणि लाइन बंद करायला सांगावी.